उडालेल्या रंगाची किंमत

ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात एक गिटार विकली गेली. तिच्यावरचा रंग जवळजवळ सगळा उडालेला. पुढच्या बाजूला उघडं, काळपट पडलेलं लाकूड, कडांना टवके, एक-दोन भाग मूळचे नव्हतेच. लिलावगृहाच्या आकारासह तिची किंमत झाली ८,८९,४०० पौंड. आपल्या पैशात साडेनऊ कोटींहून अधिक. घेणाऱ्या कंपनीने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट देऊन टाकली.

ही गिटार रोरी गॅलॅहर या आयरिश वादकाची. फेंडर कंपनीची १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर. आयर्लंडमधल्या एका शोबँडच्या वादकाने ती मागवली होती, पण त्याला हवी होती लाल आणि आली पिवळी-तपकिरी. म्हणून कॉर्क शहरातल्या क्राउली यांच्या दुकानात ती वापरलेली वस्तू म्हणून विकायला आली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांच्या रोरीने ती शंभर पौंडांना जरा कमी अशा किमतीत, हप्त्यांवर घेतली. पुढे एकदा ती चोरीला गेली आणि पावसापाण्यात टाकून दिलेली सापडली. १९९५ मध्ये रोरी वारला तोवर तीस-बत्तीस वर्षं तो ती वाजवत राहिला. तिचा रंग गेला तो मुख्यतः त्याच्या घामाने.

या साडेनऊ कोटींत लाकडाचे किती, तारांचे किती आणि घामाचे किती, हा प्रश्न मला काही वर्षं छळतो आहे. गिटारीच्या जगात त्यावर कायम दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘जुन्याची सर नव्याला नाही’, आणि दुसरं, ‘सगळं हातात असतं, वाद्यात काही नसतं’. दोन्ही मतं सोयीची आहेत. इतिहास मात्र दोघांनाही पुरता धार्जिणा नाही.

मुळात विद्युत गिटार ही कारखान्यातली वस्तू. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याने गिटारीकडे बघितलं ते दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने: दांडी खराब झाली तर चार स्क्रू काढून दुसरी बसवता आली पाहिजे. आत पोकळी नसलेला लाकडाचा सपाट ठोकळा, त्यावर स्क्रूने आवळलेली दांडी, तारांखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार हलली की चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो, वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो, तो अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठा होऊन बाहेर पडतो. १९५० मध्ये अशी गिटार ‘ब्रॉडकास्टर’ या नावाने आली. ग्रेच कंपनीने नावावर हरकत घेतली, तेव्हा ती ‘टेलिकास्टर’ झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. क्रेमोनाच्या व्हायोलिनवाल्यांच्या परंपरेशी याचा काही संबंध नाही. नातं जोडायचंच तर ते शिवणयंत्राशी जोडावं.

पण स्वस्त म्हणाल, तर ती स्वस्त नव्हती. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर यादीकिमतीने २४९ डॉलर ५० सेंट. त्या वेळी अमेरिकेतलं कायदेशीर किमान वेतन तासाला ७५ सेंट होतं. म्हणजे किमान वेतनावरच्या मजुराला ही गिटार घ्यायला ३३२ तास राबावं लागलं असतं. आठ तासांचा दिवस धरला तर एक्केचाळीस-बेचाळीस दिवस, तेही न खाता-पिता. हा हिशोब वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागेल.

आता गिब्सन कंपनीची लेस पॉल बघू. आज जुन्या गिटारींच्या बाजारात शिखरावर असलेली वस्तू म्हणजे १९५८ ते १९६० या तीन वर्षांत बनलेली, कडांना लालसर आणि मध्ये मधाच्या रंगाची लेस पॉल. शौकीन तिला नुसतं ‘बर्स्ट’ म्हणतात. सगळ्या मिळून दीड हजाराच्या आसपास बनल्या. आज चांगल्या स्थितीतल्या, कुणा प्रसिद्ध हाताचा स्पर्श नसलेल्या १९५९ च्या नगालाही तीन लाख डॉलर आणि त्याहून पुढे भाव आहे. गंमत अशी की त्या काळी ती खपत नव्हती. ती जड होती आणि महाग होती. रॉक अँड रोल वाजवणारी पोरं फेंडरकडे वळली होती. १९६१ मध्ये गिब्सनने तो आकारच बंद केला आणि पातळ, दोन शिंगांची नवी घडण आणली. दुकानांत राहिलेल्या बर्स्ट मिळेल त्या भावाला गेल्या.

मग त्या मौल्यवान कशा झाल्या? १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या तबकडीवर एकवीस वर्षांच्या एरिक क्लॅप्टनने अशी एक जुनी लेस पॉल मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडून, आवाज भरपूर वाढवून वाजवली. जाड, ताणलेला, गळ्यातून आल्यासारखा तो स्वर तोवर तबकडीवर फारसा कुणी ऐकला नव्हता. लवकरच ती गिटार चोरीला गेली आणि आजतागायत कुणी ती उजेडात आणलेली नाही. अमेरिकेत माइक ब्लूमफील्ड, इंग्लंडात पीटर ग्रीन अशा वादकांनी तीच वाट धरली. १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा बाजारात आणावी लागली. कंपनीने टाकून दिलेली वस्तू वादकांनी उचलली आणि तिचं मोल कंपनीलाच शिकवलं.

दुसरीकडे जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. संख्या वाढली, काम ढिलं होत गेलं. १९६९ नंतर गिब्सनचीही मालकी बदलली आणि सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या गिटारींबद्दल तक्रारी सुरू झाल्या. वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, सीबीएसने फेंडर तिच्याच अधिकाऱ्यांना विकली तेव्हा किंमत आली १ कोटी २५ लाख डॉलर. वीस वर्षांची महागाई धरली तर कंपनी जवळपास मातीमोल झाली होती. म्हणजे जुन्याची ओढ सुरुवातीला तरी अंधश्रद्धा नव्हती. १९७० च्या सुमारास दुकानात शिरणाऱ्या वादकाला १९५६ ची गिटार नव्यापेक्षा चांगली मिळत होती आणि, हे जास्त महत्त्वाचं, स्वस्त मिळत होती. क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून पन्नाशीच्या दशकातल्या सहा स्ट्रॅटोकास्टर एकदम उचलल्या. तीन मित्रांना वाटल्या: जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड यांना. उरलेल्या तिघींमधले चांगले भाग काढून एक काळी गिटार जोडली. तीच ‘ब्लॅकी’. २००४ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रासाठी ती लिलावात निघाली आणि ९,५९,५०० डॉलरना गेली.

आज कुणी तीन अस्सल जुन्या स्ट्रॅटोकास्टर मोडून एक बनवली तर संग्राहक त्याला वेड्यात काढतील. या बाजाराचा पहिला नियम असा की काही बदलायचं नाही. मूळ रंग खरवडून नवा दिला की किंमत साधारण निम्मी होते. पिकअपची डाग दिलेली तार पूर्वी कुणी सोडवली होती का, हे भिंगाखाली बघतात. आमच्याकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा जवारी काढायला येतो, खुंट्या बदलायला येतो, भोपळा तडकला म्हणून येतो. दुरुस्त झालेला तंबोरा कमअस्सल झाला असं कुणी मानत नाही, कारण तो उद्या मैफिलीत लागायचा असतो. जे वाद्य दुरुस्त केल्याने किंमत घटते ते वाजवण्याच्या वस्तूंमधून उठलं, असं खुशाल समजावं.

हे उठणं कसं झालं ते तारखांवरून दिसतं. सत्तरच्या दशकात जुन्या गिटारींचे व्यापारी उभे राहिले, नॅशव्हिलचा जॉर्ज ग्रून हा त्यांतला नामांकित. नव्वदीत साठच्या दशकातली पोरं पन्नाशीला आली, हातात पैसा आला. २००७-०८ पर्यंत भाव आकाशाला भिडले, त्यात गुंतवणूक म्हणून घेणारेही शिरले. मग मंदीत किमती धाडकन खाली आल्या, म्हणजे वागणूक घराच्या आणि शेअरच्या भावासारखीच होती. पुढे प्रसिद्ध हातांचा जमाना आला. डेव्हिड गिलमरने १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. त्या लिलावाचे सगळे पैसे त्याने हवामान बदलाविरुद्ध न्यायालयात झगडणाऱ्या संस्थेला दिले. पुढच्याच वर्षी कर्ट कोबेनची मार्टिन कंपनीची गिटार ६० लाख डॉलरच्या पुढे गेली. शिवाय १९९५ पासून फेंडर स्वतःच नवीकोरी गिटार मुद्दाम खरवडून, धातूला गंज चढवून, जास्त किमतीला विकते आहे. रोरी गॅलॅहरच्या गिटारीची अशी नक्कलही निघाली, घामाच्या खुणांसकट.

दुसऱ्या टोकाला वळू. अमेरिकेत सियर्स ही टपालाने माल पाठवणारी मोठी कंपनी होती. तिच्या जाडजूड यादीत ‘सिल्व्हरटोन’ नावाने गिटारी येत. त्यांतल्या पुष्कळ नेथन डॅनियलच्या डॅनइलेक्ट्रो कारखान्यात बनत, आणि त्यांचा दर्शनी भाग चक्क मेसोनाइटचा असे. कपाटाच्या पाठीला ठोकतात तो हार्डबोर्ड. पिकअपसाठी लिपस्टिकच्या नळ्या वापरलेल्या. १९६२ मध्ये एक नमुना आला, ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता. सगळं मिळून ६७ डॉलर ९५ सेंट. तेव्हाचं किमान वेतन १ डॉलर १५ सेंट. म्हणजे एकोणसाठ तासांची मजुरी. स्ट्रॅटोकास्टरचे ३३२ तास आठवा. अमेरिकेतल्या गावोगावच्या गरीब घरांत विद्युत गिटार पोचली ती या यादीतून, फुलर्टनच्या कारखान्यातून नव्हे.

याच वर्गातली वाद्यं वापरणाऱ्यांची यादी लांब आहे. शिकागोचा हाउंड डॉग टेलर स्वस्त जपानी गिटारीवर, फाटक्या अ‍ॅम्प्लिफायरमधून असा काही वाजवायचा की केवळ त्याची तबकडी काढता यावी म्हणून ब्रूस इग्लॉअर या तरुणाने १९७१ मध्ये अ‍ॅलिगेटर ही कंपनी काढली. मेसोनाइटची डॅनइलेक्ट्रो जिमी पेज मोठमोठ्या मैदानांतल्या कार्यक्रमांत वापरत असे. ब्रायन मे याने वडिलांबरोबर १९६३ पासून घरीच गिटार बनवली: दांडी जुन्या शेकोटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, खर्च आठ पौंडांच्या आसपास. क्वीनच्या तबकड्यांवर आपण जे ऐकतो ते मुख्यतः हेच वाद्य. एडी व्हॅन हेलनने पन्नास डॉलरचं सदोष म्हणून बाजूला काढलेलं खोड आणि ऐंशी डॉलरची दांडी जोडून आपली गिटार केली. जॅक व्हाइटची लाल गिटार तर लाकडाचीही नव्हे, फायबरग्लासची.

इथे थांबून ‘बघा, सगळं हातात असतं’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. एक तर या मंडळींनी वाद्याकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. व्हॅन हेलनने त्या स्वस्त खोडात गिब्सनच्या महाग गिटारीतला पिकअप काढून बसवला. ब्रायन मे दोन वर्षं आपली गिटार घडवत राहिला. स्वस्त वाद्य हातात असणं आणि वाद्याची जाण असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, आपल्याला फक्त तरलेल्यांची नावं माहीत असतात. साठच्या दशकातल्या स्वस्त गिटारींच्या तारा दांडीपासून इतक्या उंच असत की पोरांची बोटं सोलून निघत. पडदे वाकडे, खुंट्या सैल. स्वर लावला तरी गाणं संपेतो टिकत नसे. त्यातून किती जणांनी गिटार माळ्यावर टाकली असेल, त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. मी कॉलेजात असताना, १९८९ च्या सुमारास, साडेचारशे रुपयांना घेतलेली गिटार अशीच होती. बाराव्या पडद्यापाशी तार आणि लाकूड यांच्यामध्ये पेन्सिल जायची. दुकानदार म्हणाला, सवय होईल. पुढे एका सुताराने ब्रिज घासून दिला, त्यानंतर वाजवायला जमलं. शिकणाऱ्याला जुनं लाकूड नको असतं, तारांची उंची नीट लागते.

मग जुन्या वाद्याच्या आवाजात खरंच काही असतं का? यावरचे सगळ्यांत काटेकोर प्रयोग व्हायोलिनवर झाले आहेत. क्लॉडिया फ्रिट्झ ही फ्रेंच संशोधक आणि जोसेफ कर्टिन हा अमेरिकन व्हायोलिनकार यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिसला एकवीस वादकांना काळसर गॉगल लावून, मंद उजेडात, तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्त्राडिव्हारी होती. घरी न्यायला कोणतं आवडेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी नवं निवडलं, आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्त्राडिव्हारीच. आक्षेप आले तेव्हा पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांना घेऊन प्रयोग पुन्हा केला, तिथेही सहा जणांनी नवं व्हायोलिन निवडलं. गिटारीच्या बाबतीत लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. घडण एकच, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या, अशा सहा गिटारी. बावन्न वादकांनी त्या डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे लावून वाजवल्या. महाग आणि स्वस्त लाकडात त्यांना ठळक फरक करता आला नाही. या गिटारी साध्या, विजेविना वाजणाऱ्या. तिथे लाकडाचा स्वराशी थेट संबंध, तरी ही अवस्था. विद्युत गिटारीत पिकअप मुख्यतः तारेचं हलणं टिपतो, आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर असतो.

एक गोष्ट मात्र जुन्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पन्नाशीच्या दशकात गिब्सनच्या पिकअपवर तार गुंडाळणाऱ्या यंत्रांना आपोआप थांबण्याची सोय नव्हती, कामगार अंदाजाने थांबवत. त्यामुळे वेटोळ्यांची संख्या नगागणिक बदलायची. काही पिकअप अप्रतिम निघाले, काही सामान्य. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलचा तो प्रसिद्ध नाकातला, पोकळ स्वर आला तो एका पिकअपमधलं चुंबक उलटं बसल्यामुळे. ती गिटार पुढे गॅरी मूरकडे आणि मग मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे गेली. हॅमेट ती तिजोरीत न ठेवता रंगमंचावर वाजवतो, हे त्याच्या खात्यावर जमा.

लाकडाचा विषय निघाला आहे तर एक धागा आपल्या घाटापर्यंत येतो. जुन्या गिटारींच्या पडद्यांखालची पट्टी ब्राझिलियन रोझवुडची असे. साठच्या दशकात ते दुर्मीळ होऊ लागलं आणि कारखाने भारतीय रोझवुडकडे वळले. म्हणजे आपल्या सह्याद्रीत होणारी शिसवी, जिचे पाट आणि देव्हारे आपल्या आजोळघरी असत. १९९२ मध्ये ब्राझिलियन रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि जुन्या गिटारींचं तेवढंच आणखी एक वलय वाढलं. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापा घातला तो भारतातून गेलेल्या अशाच लाकडी पट्ट्यांवरून: अर्धवट घडवलेलं लाकूड निर्यात करण्याविषयीचा आपला नियम मोडला का, असा वाद होता. कंपनीने पुढच्या वर्षी तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली ती मात्र आधीच्या मादागास्करच्या आबनूस लाकडाच्या प्रकरणात. शिसवीची पट्टी असलेल्या गिटारीला ‘ब्राझिलियन’चा मान नाही. कानाला कळणारा फरक असता, तर दोन्हींच्या पट्ट्या ओळखायला भिंग लागलं नसतं.

आता तो मजुरीचा हिशोब. आज फेंडरच्याच स्क्वायर या कनिष्ठ नावाची, स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची गिटार अमेरिकेत दोनशे ते अडीचशे डॉलरला मिळते. तिथलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलरवर अडकलं आहे, तरीही हे अठ्ठावीस ते चौतीस तास होतात. १९५४ चे ३३२ तास दहाव्या हिश्श्यावर आले. आणि ही आजची गिटार त्या काळच्या सियर्सच्या गिटारीसारखी बोटं सोलणारी नाही. संगणकावर चालणारी यंत्रं दांडी आणि पडद्यांच्या खाचा इतक्या अचूक कापतात की लिओ फेंडरने ती आनंदाने आपल्या कारखान्यात लावली असती. धोबी तलावच्या दुकानांत दहा-पंधरा हजारांची गिटार उचलली, तरी थोडी जुळवाजुळव केली की ती मैफिलीत चालते. कॉलेजातल्या पोरांना मी हेच सांगतो, आणि जुन्याच्या वेडाने कर्ज काढू नका हेही.

जपानी नकलांची गोष्ट इथे येते. सत्तरच्या दशकात आयबनेझसारख्या कंपन्या गिब्सनच्या इतक्या हुबेहूब नकला करू लागल्या की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत दावा लावला. प्रकरण आपसात मिटलं. फेंडरने तर १९८२ मध्ये नकला करणाऱ्या जपानातच भागीदारीत कंपनी काढली आणि स्क्वायर हे नाव त्यासाठी वापरलं. तेव्हा ज्यांना ‘गरिबाची फेंडर’ म्हणून नाक मुरडलं जाई, त्या पहिल्या जपानी स्क्वायर आणि दाव्याच्या काळातल्या त्या नकला आता स्वतःच ‘जुन्या’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात.

पण मजुरीचे ते तीनशे तास नुसते यंत्रामुळे उडाले नाहीत. दक्षिण कोरियातली कॉर-टेक ही कंपनी स्वतःच्या कॉर्ट या नावाने आणि जगातल्या बड्या नावांसाठीही गिटारी बनवत असे. २००७ मध्ये तिने इंचॉनच्या कारखान्यातल्या कामगारांना कमी करायला सुरुवात केली, देजॉनचा कारखाना बंद केला. काम इंडोनेशिया आणि चीनकडे गेलं. कामगारांत बायका पुष्कळ होत्या. वर्षानुवर्षं लाकूड घासलेल्या आणि रंगाच्या वाफा श्वासात घेतलेल्या. त्यांनी दारात तंबू ठोकले, उपोषणं केली, न्यायालयात काही निकाल बाजूने लागले, काही विरुद्ध गेले, परदेशातल्या संगीत मेळ्यांत जाऊन त्यांनी वादकांना आपली कहाणी सांगितली. तडजोड झाली ती एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. गिलमरच्या काळ्या गिटारीचा लिलाव झाला तो त्यानंतर दोन महिन्यांनी.

आयुष्यभर हजारो गिटारी हातांखालून गेलेल्या या कामगारांपैकी बहुतेकांना गिटार वाजवता येत नव्हती. कारखान्यातून काढल्यावर, आंदोलनाच्या तंबूत, त्यांच्यातले काही जण ती शिकले. त्यांनी ‘कॉलबॅन’ नावाचा बँड काढला आणि सभांमधून, रस्त्यांवर वाजवू लागले.